नसलेल्या फौजेचा साबण

सोमवार, ४ तारीख

आजपासून मी सैन्यात आहे. गणवेश नाही, बंदूक नाही, मिशीही नाही, पण सही केली आहे आणि शपथ घेतली आहे. शपथेत दैनंदिनी लिहू नये असंही आहे. पण माझं अक्षर इतकं वाईट आहे की शत्रूच्या हाती ही वही लागली तर शत्रूचाच वेळ जाईल.

ज्या साहेबांनी मला बोलावलं ते कर्नल आहेत. बारीक, चष्मा, बोलणं कमी. म्हणाले, "तुम्ही नाटकं लिहिता?"

"हो."

"लोकांना ती खरी वाटतात?"

मी म्हटलं, माझ्या नाटकांनी प्रेक्षक जागचे हलतात. ते म्हणाले, "हो, मी एक पाहिलंय." पुढे काही बोलले नाहीत. कमी शब्दांत दाद देणारे रसिक हल्ली दुर्मीळ झालेत.

काम असं आहे. गावाच्या उत्तरेला, नदीकाठच्या जंगलात आपली एक अख्खी डिव्हिजन आहे. हजारो जवान, ट्रक, खेचरं, सगळं. फक्त ती तिथे नाही. नदीपलीकडची आपली गावं गेल्या वर्षी शत्रूने घेतली आणि आता ते तिकडे बसून आपलं बिनतारी बोलणं दिवसरात्र ऐकतात. म्हणून ही डिव्हिजन त्यांना ऐकू आली पाहिजे. तिचं बोलणं मी लिहायचं. संदेश सांकेतिक भाषेत जातात. ती भाषा त्यांनी फोडली आहे हे आपल्याला कळलंय, आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कळलेलं नाही. साहेबांनी हे दोनदा सांगितलं तेव्हा मला समजलं.

खरा हल्ला दुसरीकडून होणार. कुठून, ते आम्हाला सांगणार नाहीत. "त्यांच्या तोफा या जंगलाकडे वळल्या, तर आपली पोरं बोटींतून सुखरूप पार होतील," साहेब म्हणाले. "नाही वळल्या, तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करत नाही.

आमचं कार्यालय म्हणजे गावाबाहेरची बंद पडलेली लाकडाची वखार. करवतीचं यंत्र ताडपत्रीखाली झाकलंय आणि भुसा सगळीकडे. कागदावर भुसा, खुर्चीत भुसा, चहात तर हमखास. इथून एक तार थेट जंगलात जाते आणि बिनतारी संदेश तिथून उठतो.

घरी सांगितलं की सैन्याच्या कपड्यांच्या गोदामात मोजे मोजायची नोकरी लागली. ही म्हणाली, "मोजे? तुम्हाला स्वतःचे दोन एकसारखे सापडत नाहीत."

बुधवार, ६ तारीख

पहिला संदेश लिहिला. रात्रभर घासला होता. "वीरहो, क्षितिज आरक्त झाले आहे, मातृभूमीची हाक..." असा साधारण सूर. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग सगळ्यावर एक आडवी रेघ मारली.

"खरी फौज काय बोलते माहीत आहे?"

"काय?"

"साबण आला नाही."

मग त्यांनी मला खऱ्या पलटणींचे जुने संदेश वाचायला दिले. खेचराचा पाय सुजला. ताडपत्र्या कमी आल्या. साबण. स्वयंपाक्याची दाढ दुखते. पुन्हा साबण. वाचता वाचता मला डुलकी लागली. ज्याने पाच अंकी शोकांतिका लिहिल्या त्याने आता साबण मागायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे नाकच काढून ठेवायला सांगताहेत.

संदेश पाठवायला एक बाई आहेत. आयुष्यभर तार ऑफिसात होत्या, म्हणून सगळे त्यांना तारमावशी म्हणतात. त्यांनी मला एक गंमत सांगितली. माणसाची चाल जशी लांबून ओळखू येते, तसा तार पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो. पलीकडचे लोक नुसते शब्द ऐकत नाहीत, हातही ऐकतात. त्यामुळे मावशी एकट्याच अनेक माणसं होतात. डाव्या हाताने आळशी हवालदार, मनगट आखडून म्हातारा सुभेदार, भराभर टकटक केली की नुकतं लग्न झालेला पोरगा. आणि मध्ये वेळ मिळाला की विणकाम.

"याला एवढी घाई कसली असते?" मी विचारलं.

"संपवून बायकोला पत्र लिहायचं असतं त्याला," मावशी म्हणाल्या. हे मी लिहिलेलं नव्हतं. मला जरा हेवा वाटला.

रविवार, १० तारीख

चिरंजीव रजेवर आले. पोरगा सैन्यात गेला तेव्हा मी देव पाण्यात ठेवले होते, आणि त्यांची कृपा, त्याला मागच्या बाजूला पावाच्या भट्टीवर टाकलंय. हाताला हे मोठमोठे फोड. भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं फावडं असतं ना, त्याने येतात म्हणाला. मान रापून काळी झाली आहे, भट्टीची धग. अंगाला डांबराचा वास येतोय. मी म्हटलं, धुराडं साफ करायला लावतात वाटतं. म्हणाला, हो, धुराडंच.

खांदे मात्र चांगले भरलेत. कणीक मळण्यासारखा व्यायाम नाही.

जेवताना मध्येच विचारतो, "बाबा, माणूस पाण्याखाली श्वास किती वेळ धरू शकतो?" मी म्हटलं, माझ्या दुसऱ्या नाटकाच्या शेवटी अख्ख्या थिएटरने श्वास धरला होता. तो हसला. ही हसली नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती. मग तिने मलम आणलं आणि एकेका बोटाला लावत बसली, लहानपणी लावायची तसं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "तुझ्यासारखी नशीबवान बाई नाही. लढाई चालू आहे आणि नवरा मोज्यांत, पोरगा पावांत." ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळायला लागली. नळ गळतोय तो मी दुरुस्त करत नाही, याचा राग आहे. उद्या बघतो.

गुरुवार, १४ तारीख

सापडला. माझा क्वार्टरमास्टर सापडला.

हा डिव्हिजनचा भांडार सांभाळणारा माणूस. पक्का चिक्कू. तिसऱ्या पलटणीचे मेजर साबण मागतात, हा विचारतो आधीच्या साबणाचं काय केलं. मेजर म्हणतात धुतलं. हा म्हणतो, काय धुतलं ते कळवा. मेजर चिडून म्हणतात, हात धुतले तुमच्या नावाने. मग साबणाऐवजी त्यांना तंबूच्या खुंट्या येतात. दोन दिवस झाले, भांडण रंगतंय. आवाज मी माझ्या सासऱ्यांचा घेतलाय. त्यांनी आम्हाला लग्नात जो दिवा दिला त्याची वात ते अजून विचारतात.

साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आता हा माणूस आहे." मला इतका आनंद झाला की भुशासकट चहा प्यायलो.

मंगळवार, १९ तारीख

आज हातून जरा घडलं.

भांडण मधल्या अंकात अडकलं होतं. साबण द्यावा तर गोष्ट संपते, न द्यावा तर तेच ते. आणि माझा एक स्वभाव आहे, गाडी अडली की मी एकाला मारतो. माझ्या नाटकांत तिसऱ्या अंकानंतर नटांना घरी लवकर जाता येतं, त्यामुळे ते माझ्यावर खूश असतात. साहेब बाहेर गेले होते. मी लिहिलं, ट्रक उलटला, तिसऱ्या पलटणीचे मेजर जागीच गेले. आणि त्याखाली क्वार्टरमास्टरचा संदेश: साबण पाठवला आहे, कोणी घेईल का.

खरं सांगतो, लिहिताना माझेच डोळे भरून आले.

तारमावशींनी कागद वाचला आणि बराच वेळ तार ठोकायच्या किल्लीला हात लावला नाही. "मला विचारायचं तरी," म्हणाल्या. "मी त्यांचा हात होते." मग पाठवलं, आणि विणकाम न घेता घरी गेल्या. मला अपराधी वाटलं, आणि थोडा अभिमानही. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा समजावं की सीन जमला.

शुक्रवार, २२ तारीख

कुठून बुद्धी झाली आणि त्यांना मारलं.

सकाळी वखारीच्या दाराशी जीप थांबली. आतून एक खरेखुरे मेजर उतरले. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, मागे ट्रंक, वळकटी आणि एक फोल्डिंगचं टेबल. माझ्याकडे बघून म्हणाले, "तिसरी पलटण कुठंय? मला ताबा घ्यायचाय."

झालं असं की आमचे संदेश आपलेच लोकही ऐकतात. त्यांना यातलं काही माहीत नाही. गुपित ते गुपित. त्यांनी वर कळवलं की एक मेजर गेले, आणि नेमणुका करणाऱ्या कार्यालयाने इमानदारीने दुसरे धाडून दिले. त्या कार्यालयात एरवी एक पंखा बदलायला वर्ष जातं.

मी म्हटलं, "मेजरसाहेब, बसा. चहा घ्या."

"चहा नको. माझी माणसं कुठं आहेत?"

मी मावशींकडे बोट दाखवलं. मावशी विणत होत्या. मेजरनी मावशींकडे पाहिलं, ताडपत्रीखालच्या करवतीकडे पाहिलं, मग ट्रंकेवर बसले. "म्हणजे मी ज्यांच्या जागी आलो ते वारलेच नाहीत?"

"जन्मलेच नव्हते," मी म्हटलं.

"जन्मले नव्हते कसे," मावशी लोकरीतून मान वर न करता म्हणाल्या. "चांगला माणूस होता."

साहेब आले तेव्हा त्यांनी मला असं झाडलं की भुसा उडाला. माझ्या हौसेपायी गुपित फुटलं असतं, बोटींतल्या पोरांच्या जिवाशी खेळ झाला असता, हे नाटक नव्हे. मी मान खाली घालून ऐकलं. मग ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. "आपल्या लोकांना पटलं," म्हणाले. "म्हणजे त्यांनाही पटत असणार."

मेजरना परत पाठवता येईना, कारण आता त्यांना सगळं माहीत झालं. फोल्डिंगचं टेबल करवतीशेजारी लागलं.

सोमवार, २५ तारीख

मेजर म्हणजे खाण आहे. तीस वर्षं सैन्यात कुरकुर करण्यात घालवली आहेत. पाणी कोमट, डाळ पातळ, बुटाचे खिळे टोचतात, आधीच्या मेजरने हिशेब अर्धवट टाकला. ही शेवटची तक्रार ऐकून मावशींनी त्यांच्या चहात जास्तीचा भुसा पडू दिला. मी नुसतं उतरवून घेतो. आडात आहे म्हणून पोहऱ्यात येतंय.

दुपारी शत्रूचं विमान जंगलावर घिरट्या घालून गेलं. साहेबांनी आधीच तिथे शेकोट्यांचा धूर आणि ट्रकच्या चाकांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. पण तोफा अजून हललेल्या नाहीत. साहेब पुन्हा पुन्हा नकाशाकडे जातात. मला अधूनमधून भीती वाटते की पलीकडे कुणीतरी समजूतदार माणूस बसलाय, माझं सगळं लिखाण वाचून जांभई देतोय आणि म्हणतोय, हे नाटक आहे.

रविवार, १ तारीख

चिरंजीव दुपारी उभ्या उभ्या येऊन गेले. भट्टी दुसरीकडे हलवताहेत, आता काही दिवस रजा नाही म्हणाला. हिने अंगणात बसवून त्याचे केस कापले. जेवला थोडंच. जाताना मला मिठी मारली. हा मिठी मारणारा पोरगा नाही; शाळेत बक्षीस मिळालं तरी लांबून नमस्कार करायचा. मी म्हटलं, "पाव जळू देऊ नकोस." म्हणाला, "नाही, बाबा."

ही फाटकाशी उभी राहिली ती रस्ता रिकामा झाला तरी आत येईना. मी जाऊन म्हटलं, "अगं, पाव भाजायला चाललाय तो."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "अहो, तुम्ही नाटकं लिहिता ना?"

"लिहितो की."

"लिहा मग," म्हणाली आणि आत गेली. याचा अर्थ मला लागला नाही. नळाचं असेल तर तसं सांगावं.

मंगळवार, ३ तारीख

वेळ आली. साहेब म्हणाले, उद्यापासून डिव्हिजन गप्प.

मी शेवटचं भाषण तयार ठेवलं होतं. डिव्हिजनचे सेनापती हल्ल्याच्या आदल्या दिवशी जवानांशी बोलतात असं. मेजरनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "चढाईच्या आधी कोणी बोलत नाही हो. तोंड कोरडं पडलेलं असतं." पलीकडच्यांनाही हे माहीत आहे. बडबडी फौज अचानक गप्प झाली की त्यांनी समजायचं, आता हे येणार.

"पण त्यांना वाटलं, आपण निघून गेलो तर?" मी विचारलं. ही माझी खरी भीती होती.

मेजरनी मिशी चोळली. "जाणारा माणूस घोंगडी घेऊन जातो. हल्ल्याला जाणारा घोंगडी जमा करतो. परत आला तर घेतो."

मग मी क्वार्टरमास्टरचा शेवटचा संदेश लिहिला: सर्व पलटणींनी जादा घोंगड्या आणि बूट संध्याकाळपर्यंत जमा करावेत. तिसऱ्या पलटणीच्या घोंगड्या मी स्वतः सांभाळीन. साबणाची पोच द्यायची गरज नाही.

साहेबांनी एक अक्षर बदललं नाही. मावशींनी पाठवला, सावकाश, त्या चिक्कू माणसाच्या हाताने, आणि किल्लीवर रुमाल टाकला.

गुरुवार, ५ तारीख

शांतता. मला कधीच जमली नाही ती गोष्ट. माझ्या नाटकांत कोणी गप्प बसलं की पडद्यामागून वीज कडाडते. इथे चार माणसं भुशात बसली आहेत आणि कोणी बोलत नाही. मावशींचं बोट टेबलावर आपोआप हलतं. मी मनात हजार वेळा एक संदेश पाठवून द्यावा म्हटलं, अगदी छोटा. हात मांडीखाली धरून बसलो.

घरीही तेच. ही बोलत नाही, जेवत नाही. पोराचे जुने कपडे काढून शिवत बसली आहे, जे त्याला आता खांद्यात होणारही नाहीत. मी आपणहून नळ दुरुस्त केला. तिला पत्ताही नाही.

शुक्रवार, ६ तारीख

उजाडता उजाडता सुरू झालं. आधी लांबून, मग खिडकीची काच थरथरायला लागली. मी सायकल हाणत वखारीत पोचलो. साहेब नकाशासमोर उभे राहून कान देऊन ऐकत होते. "ही त्यांची मोठी तोफ. हीसुद्धा. हीसुद्धा इकडेच आणली आहे." सगळ्या. त्यांच्या सगळ्या तोफा आमच्या रिकाम्या जंगलावर आग ओकत होत्या. मेजर उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "माझी पलटण मागे हटलेली नाही." मावशींनी डोळे पुसले, आणि मग आम्ही सगळेच वेड्यासारखे हसलो. डिव्हिजनची हानी शून्य.

थोड्या वेळाने फोन आला. दक्षिणेच्या वळणावर आपली पोरं पार झाली. साहेबांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तसाच हातात धरून उभे राहिले.

घरी आलो तर ही पायरीवर बसली होती. अजून आवाज चालूच होते. मला विचारलं, "कुठं पडताहेत?"

"उत्तरेला. जंगलात. तिथे कोणी नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

नाटककार असून एक बरं वाक्य सुचेना. "गोदामात... ऐकलं," म्हटलं.

"तिथे एकही माणूस नाही? नक्की?"

"एकही नाही. शपथेवर सांगतो."

तिने कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या बाहीवरचा भुसा झटकला, आत गेली आणि ताट वाढून घेतलं. दोन दिवसांनी जेवली. बायकांचं काही सांगता येत नाही.

बुधवार, ११ तारीख

पोरगा आला.

दारातूनच म्हणाला, "बाबा, रागवू नका. मी भट्टीवर कधीच नव्हतो." मग बूट काढता काढता सांगितलं. बोटींवर होता. पहिल्या बोटीत, सगळ्यात पुढे. ते फोड वल्ह्यांचे. डांबर बोटीच्या फटी बुजवायचं. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून पाव सांगितले.

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. मी हिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, काहीच झालं नाही." पोरगा जवळजवळ रुसल्यासारखा बोलत होता. "सरावात हाताची सालं निघेपर्यंत वल्ही मारली. रात्ररात्र थंड पाण्यात पोहलो. आम्हाला सांगितलं होतं, अर्धे पोचतील. मी घड्याळ मित्राजवळ देऊन ठेवलं होतं, आईला द्यायला. आणि पलीकडे गेलो तर एक म्हातारा पहारेकरी, पायातलं काढून पाय शेकत बसलेला. त्यानेच हात वर केले. म्हणाला, सगळे उत्तरेला गेले. एक गोळी नाही सुटली, बाबा. पायसुद्धा गुडघ्यापर्यंतच भिजले. तुम्ही एवढ्या गोष्टी लिहिता, पण यात लिहिण्यासारखं काहीच नाही."

"नाही," मी म्हटलं, "काहीच नाही."

आयुष्यात मी कोणाच्या तोंडून इतकं सुंदर वाक्य ऐकलेलं नाही. काहीच झालं नाही. मला ते परत म्हणायला लावायचं होतं, पण शपथ आहे. मग मला सरळ रडूच आलं, लहान मुलासारखं, आवाज काढून. पोरगा घाबरला. "आई, यांना काय झालं?"

"रडू दे त्यांना," ही म्हणाली. "फार काम झालंय त्यांचं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बरं वाटलं, पण मोजे मोजण्यात एवढं काय काम असतं, असं तिला वाटू नये म्हणून मी लवकर डोळे पुसले.

हे लिहितोय तेव्हा दुपार आहे आणि पोरगा मधल्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपलाय. घोरतोय, इतका की मला एक वाक्य धड सुचत नाही. मी दार लावायला दोनदा उठलो. ही लावू देत नाही.